दुसऱ्याच्या नावाची पिशवी

पिठाच्या गिरणीत कामाला लागलं की दोन गोष्टी आधी शिकाव्या लागतात. डब्यावरची चिठ्ठी डब्याला सोडून कुठे ठेवायची नाही, ही एक. आणि कशावर काय दळायचं, ही दुसरी. ज्वारीवर लगेच गहू टाकला तर गव्हाचं पीठ काळपट येतं, चपाती नीट होत नाही, आणि बाई दुसऱ्या दिवशी डबा घेऊन परत दारात. उपासाचं दळण तर सकाळी, चक्की झाडूनपुसून, सगळ्यांच्या आधी. घाटकोपरला आमच्या गिरणीत येणाऱ्या बायका डबा ठेवतानाच विचारतात, "गव्हावरच गहू ना रे?" मी हो म्हणतो, आणि ते खरं असतं. चौदा वर्षांत माझ्या हातून एक डबा बदललेला नाही. मोठेपणा म्हणून सांगत नाही. ज्याला हे सगळं कळत होतं त्यानेच पुढे सांगतोय ते केलं, एवढ्यासाठी सांगतो.

मी सातवीत शाळा सोडली. गाव मालवणच्या आत, डोंगराकडे. वडील गेल्यावर दोन वर्षं लोकांच्या काजूच्या बागेत राबलो, मग मामेबहिणीच्या नवऱ्याने मला मुंबईला आणलं. त्यांना मी भावजी म्हणतो. आमच्या गावमंडळाची घाटकोपरला डोंगराच्या बाजूच्या चाळीत एक खोली आहे. गावातून आलेल्या माणसाला तिथे पथारी मिळते, पण कोणीतरी जबाबदारी घ्यावी लागते. माझी भावजींनी घेतली. गिरणीच्या शेठकडे तेच घेऊन गेले. माझ्या पहिल्या तापात तेच डॉक्टरकडे घेऊन गेले आणि केसपेपरवर माझं नाव त्यांनीच लिहिलं, कारण माझा हात लिहायला चालत नाही. वाचायला येतं, पण सावकाश, अक्षराला अक्षर लावून. म्हणून भावजी काही म्हणाले की माझ्या तोंडून नाही निघत नाही. हे कारण आहे. माफी म्हणून पुढे करत नाही.

दर सव्वीस जानेवारीला आमच्या मंडळाचं रक्तदान शिबिर असतं, जवळच्या शाळेच्या हॉलमध्ये. गावात दोन वाड्या, वरची आणि खालची. हॉलच्या दारात फळा लावतात आणि कुठल्या वाडीच्या किती पिशव्या झाल्या ते खडूने वाढवत जातात. कोणीतरी माईक धरून बसलेला असतो. "वरची वाडी पुढे गेली हां. खालच्या वाडीतली माणसा खंय गेली, की रगात आटला?" असं दिवसभर चालतं. ज्याने दिलं नाही त्याला गणपतीत गावी गेल्यावरही ऐकावं लागतं. आम्ही खालच्या वाडीचे.

त्या वर्षी मला देता येत नव्हतं. नोव्हेंबरच्या शेवटी गिरणीच्या मागच्या सोसायटीत दुसऱ्या एका रक्तपेढीचं शिबिर झालं होतं, तिथे मी दिलं होतं. पुरुषाला एकदा दिल्यावर परत द्यायला मधे तीन महिने जावे लागतात. दोनच झाले होते. मी खोलीत तसं सांगून टाकलं होतं आणि हॉलमध्ये चहाच्या कपांकडे उभा होतो.

भावजी रांगेत होते. भावजी म्हणजे सहा फुटी माणूस, मिशी, सिक्युरिटी सुपरवायझर; विक्रोळीच्या एका कंपनीच्या गेटवर ट्रकवाले त्यांना टरकतात. दरवर्षी त्यांना ड्युटी असायची. त्या वर्षी सुट्टी होती. थोड्या वेळाने ते मला हॉलच्या मागे, शाळेच्या नळाजवळ घेऊन गेले. हातात भरलेला फॉर्म. कपाळावर घाम, जानेवारीत.

"तू जा माझ्या जाग्यार," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"माका ती सुई बघूनच गरगरता. तुझो गट बी पॉझिटिव्ह, माझो पण बी पॉझिटिव्ह. कोणाक कळाचा नाय. रगात ता रगात."

"भावजी, माझे तीन महिने झाले नाय."

"तुझ्या नावावर खंय देतंस? माझ्या नावावर दी. मी जलमात दिलंय नाय." आणि हसले. हसताना ओठ कोरडे पडले होते. "थंय पडलंय तर वरच्या वाडीवाले मरेपर्यंत बोलतले रे."

मी फॉर्म घेतला. फॉर्मवर नाव त्यांचं, फोन त्यांचा, सही त्यांची. कावीळ झाली होती का, ताप येऊन गेला का, काही औषध चालू आहे का, अशा सगळ्या प्रश्नांपुढे 'नाही' वर खुणा. त्याही त्यांच्याच, त्यांच्या तब्येतीच्या. खाटा पडद्याआड होत्या, आमचे लोक सगळे दारात फळ्याकडे. टेबलावरची मुलगी रक्तपेढीची होती, आमच्यातल्या कोणाला ओळखत नव्हती. तिने नाव वाचून माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. बोटाला टोचून थेंब घेतला. "हिमोग्लोबिन काठावर आहे हो," ती म्हणाली, "पण चालेल. फॉर्मवर एक खूण राहिलीय. तुमच्या रक्ताचे बारीक गटही तपासून ठेवू का? कधी कोणाला लागलं तर फोन करू." मी म्हटलं करा. तेव्हा बारीक गट म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं.

माईकवरून भावजींचं नाव पुकारलं, फळ्यावर खालच्या वाडीपुढे एक वाढला, आणि नळाजवळ उभ्या माणसाने ते ऐकलं. प्रमाणपत्र भावजींनी लॅमिनेट करून खोलीत लावलं. त्याचा फोटो गावी गेला. मामेबहिणीचा गावाहून मला फोन. "बघ रे, भावजींनी रगात दिल्यानी. तू कधी देतलंस?"

"देईन," मी म्हटलं.

पुढचे दोन-तीन आठवडे मला गिरणीत चक्कर आल्यासारखं व्हायचं. पन्नास किलोची गोण उचलताना कानात पाणी गेल्यासारखं. मी कोणाला बोललो नाही.

उन्हाळ्यात, एका रविवारी सकाळी, भावजींचा फोन वाजला. आम्ही सगळे खोलीत होतो, कोणी दाढी करतंय, कोणी मासे साफ करतंय. भावजींचे हात कांदा चिरताना भरले होते म्हणून त्यांनी कोपराने स्पीकर लावला.

बाईंचा आवाज होता. रक्तपेढीतून बोलतेय म्हणाल्या. त्यांच्याकडे एक मुलगी येते, थॅलेसेमियाची, मुलुंडची, लहानपणापासून दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. आता कुठलंही रक्त तिला चालेनासं झालंय. "तुमचं जानेवारीतलं रक्त तपासलं होतं, ते तिच्याशी छान जुळतंय. तुमचे तीन महिने झालेत. याल का? मंगळवारी तिला द्यायचंय."

खोलीतला एक जण म्हणाला, "बी पॉझिटिव्ह ना? माझा पण आहे, मी पण येतो." भावजींनी ते फोनमध्ये सांगितलं.

बाई म्हणाल्या, "बी पॉझिटिव्ह तर खूप जण आहेत हो. बी पॉझिटिव्हच्या आतही बरेच गट असतात. ते न जुळणारं रक्त तिचं शरीर फोडून टाकतं. आम्हाला तुमचंच हवंय."

मला तेव्हाच कळलं. शिकलेल्या माणसाला कदाचित समजावून सांगावं लागलं असतं, मला नाही. वरून पीठ सगळं पांढरंच दिसतं. गव्हावर गहू. त्या मुलीला माझं रक्त हवं होतं, आणि डब्यावर चिठ्ठी भावजींची होती.

भावजींनी माझ्याकडे बघितलं नाही. सगळी खोली त्यांच्याकडे बघत होती. "येतंय," ते फोनमध्ये म्हणाले, मग शुद्ध भाषेत, "येतो मॅडम. उद्याच येतो."

नंतर जिन्यात मी त्यांना गाठलं. "भावजी, त्या काय म्हणाल्या ऐकलात ना?"

"ऐकलंय. म्हणान तर जातंय. तेव्हा तू दिलंस, आता मी देतंय. झाला, फिटला." त्यांचा चेहरा पांढरा होता, पण ते खरंच जाणार होते. हा माणूस सुईला घाबरून नळाजवळ लपला होता, आणि आता एका अनोळखी मुलीसाठी निघाला होता. मला त्यांचं कौतुक वाटलं. आणि ते वाटत असतानाच मला ठाऊक होतं की उपयोग नाही. "पण तुमचा आणि माझा..." एवढं मी बोललो. खालून कोणीतरी बादली घेऊन वर येत होतं. भावजी म्हणाले, "गप रव." आणि मी गप्प राहिलो.

ह्याच एका गोष्टीची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. जानेवारीत मला काही कळत नव्हतं म्हणता येईल. रविवारी मला सगळं कळत होतं. मंगळवारला दोन दिवस होते. एक फोन करायचा होता. मी मनात म्हणत राहिलो की बाईंनी सांगितलं ते त्या तपासतीलच, आपल्याला कुठे डॉक्टरकी कळते. खोली जाईल, पोलिसात देतील, गावात बहिणीला तोंड दाखवता येणार नाही, असलंही बरंच. सोमवारी दिवसभर दळण दळलं. एका बाईचा नाचणीचा डबा दोनदा उघडून बघितला, चिठ्ठी बरोबर आहे ना म्हणून.

सोमवारी भावजींनी रक्त दिलं. संध्याकाळी दंडाच्या घडीत कापूस घेऊन आले, लाजल्यासारखे हसत होते. "काय नाय रे. मुंगी चावल्यासारखा." खोलीत कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

बुधवारी परत फोन. ह्या वेळी स्पीकर नव्हता. भावजी बाहेर गॅलरीत जाऊन बोलले, मला फक्त त्यांचं ऐकू येत होतं. "हो, मीच दिलेलं... जानेवारीत मीच... नाही मॅडम, मला कसं माहीत असणार." आत आले आणि म्हणाले, "जुळला नाय. जानेवारीतला आणि आताचा येगळा येता. त्यांच्याच लॅबमदी घोळ झालो म्हणतत. कोण ती चेडू होती तपासणारी, तिका जाब इचारतत."

"आणि पेशंट?"

"ता काय सांगूक नाय."

गिरणी दुपारी एक ते चार बंद असते. गुरुवारी कुलूप लावून मी रक्तपेढीकडे निघालो. पायऱ्यांवरून दोनदा परत फिरलो, एकदा वडापावच्या गाडीपर्यंत आणि एकदा नुसताच. मग आत गेलो. काउंटरवर म्हटलं, फोन करणाऱ्या बाईंना भेटायचंय, त्या न जुळलेल्या पिशवीचं.

ज्या बाहेर आल्या त्या फोनवाल्या बाई नव्हत्या. तपासणारी चेडू, म्हणजे पोरगी, ती हीच. पंचविशीची असेल, पांढरा कोट, डोळ्यांखाली काळं. मला आतल्या खोलीत खुर्ची दिली.

मी म्हटलं, "ज्यांचं जुळलं नाही, जानेवारीत त्यांच्या नावावर मी दिलं होतं. रक्त माझं आहे."

तिने उठून पाण्याचा ग्लास माझ्यासमोर ठेवला. मग म्हणाली, "तो नमुना मी तपासला होता. काल सकाळपासून त्या शिबिराचे सगळे नमुने मी परत काढून बघतेय. माझ्याच हातून चिठ्ठी बदलली असं मलाही वाटायला लागलं होतं."

चिठ्ठी, असंच म्हणाली ती. मी टेबलाकडे बघत राहिलो. माझ्या नखांत पीठ होतं.

"का दिलंत त्यांच्या नावावर?"

"त्यांना बरं नव्हतं," मी म्हटलं, आणि तोंडातून गेल्यावर कळलं की मी परत तेच करतोय. "नाही. ते घाबरले होते. आणि माझे तीन महिने झाले नव्हते."

तिने नवा फॉर्म काढला. मला लिहिता येत नाही हे सांगितलं तर म्हणाली, मी लिहिते, तुम्ही फक्त खरं बोला. एकेक प्रश्न विचारायला लागली. तेच प्रश्न, ज्यांच्यापुढे भावजींनी आपल्या तब्येतीच्या खुणा केल्या होत्या. शिबिराच्या आधी ताप येऊन गेला होता का? आला होता. डिसेंबरात, चार दिवस. कसला? माहीत नाही, दाखवला नव्हता, गोळ्या खाऊन कामावर गेलो होतो. तिचा पेन थांबला.

"तपासण्या तुमच्याच रक्ताच्या झाल्या आणि त्या ठीक होत्या," ती म्हणाली, "पण सगळंच तपासणीत दिसत नाही हो. म्हणून तर विचारतो आम्ही. ती जानेवारीची पिशवी ज्याला गेली, त्याची आता चौकशी करावी लागेल."

त्या माणसाचा मी तोपर्यंत एकदाही विचार केला नव्हता. चार महिन्यांत एकदाही नाही. (पुढे कळलं, तो बरा आहे. पण तिथे बसलेलं असताना ते ठाऊक नव्हतं.)

"त्या मुलीला मिळालं का?" मी विचारलं.

"नवी मुंबईहून एक पिशवी आली काल. दोन लागतात. मंगळवारी सकाळी ती वडिलांबरोबर येऊन बसली होती. जिना चढला की धाप लागते तिला अशा वेळी. दुपारी परत पाठवलं आणि काल पुन्हा बोलावलं." मग आवाज न वाढवता म्हणाली, "तुम्ही रविवारी फोन केला असतात तर फार बरं झालं असतं."

मी म्हटलं, "आत्ता घ्या माझं. हवं तेवढं घ्या."

तिने बोटाला टोचलं. छोट्या मशीनवर आकडा आला आणि तिने मशीन माझ्याकडे फिरवलं. हिमोग्लोबिन साडेबारा लागतं. माझं साडेअकरा होतं. दोन महिन्यांत दोनदा दिलेलं, वर चहा-पावावर काढलेले दिवस. अंगात भरून आलंच नव्हतं. म्हणजे जे रक्त त्या मुलीला हवं होतं ते मीच फळ्यावरच्या एका आकड्यासाठी उधळून बसलो होतो, आणि आता द्यायला आलो तर द्यायला नव्हतं.

"नाही घेता येणार," ती म्हणाली. तपासणीसाठी नमुना मात्र घेतला. डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि काय खायचं ते सांगितलं. कोणी मला ओरडलं नाही. ओरडले असते तर निघताना सोपं गेलं असतं. दारात ती म्हणाली, "आलात हे चांगलं केलंत. मला आज झोप लागेल." मी नमस्कार केला आणि चारला गिरणी उघडली.

त्या संध्याकाळी जिन्यातच भावजींना सांगितलं. ते कठड्याला टेकून ऐकत होते.

"मी घाबारलंय, ता पण सांगलंस?"

"सांगलंय."

"बरा केलंस," म्हणाले. पण नंतर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. माझं ताट वाढून ठेवायचे, हाक मारायचे नाहीत. प्रमाणपत्र एक दिवस भिंतीवर नव्हतं. खोलीत कोणी विचारलं तर म्हणाले, खिळो सुटलो. दुसऱ्या आठवड्यात माझ्या पथारीवर खजुराचं पुडकं आलं. मग दर रविवारी यायला लागलं. त्याबद्दल आम्ही अजून बोललेलो नाही.

मी गोळ्या वेळेवर खाल्ल्या. चहा कमी केला, नाचणीची भाकरी, पालेभाजी, एकदा बाजारातून कलेजी. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या जेवणाकडे दुसऱ्या कोणासाठी लक्ष देत होतो. त्या तपासणाऱ्या बाईंनी फोन करून सांगितलं होतं, जानेवारीचा नमुना तुमचाच, पक्कं झालं. पण नोंद पुसून नव्याने करावी लागली. सहा आठवड्यांनी मी गेलो तेव्हा मशीनवर बारा पूर्णांक आठ आलं. डॉक्टरांनी सगळे प्रश्न परत विचारले आणि मग हो म्हटलं.

सुई लावायच्या आधी नाव विचारतात. मी पूर्ण नाव सांगितलं, वडिलांचं, आडनाव. जन्मतारीख सांगितली. खुर्चीवर परत विचारलं, परत सांगितलं. पिशवीवरची चिठ्ठी बाईंनी माझ्यासमोर धरली, "वाचा, बरोबर आहे ना?" मला वेळ लागला. अक्षराला अक्षर लावत मी शेवटपर्यंत वाचली. मागे दोन जण थांबले होते. बाईंनी घाई केली नाही.

दोन दिवसांनी, सकाळच्या गर्दीत, फोन थरथरला. हात पिठाने माखलेले, स्क्रीनवर बोट उमटेना. पंचाला पुसून तपासणाऱ्या बाईंचा मेसेज वाचला. 'जुळलं. आज चढवतोय.' एवढंच होतं. त्या मुलीचं नाव मला माहीत नाही, ती मला कधी बघणार नाही, तसा नियमच आहे. मी मशीनच्या आवाजात उभा राहिलो आणि डोळे भरून आले, ते पीठ गेलं म्हणून खपून गेलं.

रात्री बहिणीचा फोन. सवयीने तिने विचारलं, "मग तू कधी देतलंस रे रगात?"

सांगावंसं फार वाटलं, की आजच कोणाला तरी माझं चढलं. पण ती विचारणार, तुझंच का, कसं कळलं, भावजींचं का नाही. सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि त्यात भावजींचा नळ येतो, माझा रविवार येतो. मी म्हटलं, "दिलंय गो." ती म्हणाली, "खोटा बोलतंस." आणि हसली.